हद्द कुणी ओलांडली?

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मी दोन भाषणं ऐकली. एक आमच्या तालुक्याच्या गावातल्या नवरात्र व्याख्यानमालेत आणि दुसरं जुम्म्याच्या नमाजआधी मशिदीत. पहिले वक्ते निवृत्त प्राध्यापक, विषय ‘सीमोल्लंघन’. दुसरे आमचे मौलाना, विषय ‘हुदूद’, म्हणजे अल्लाहने घालून दिलेल्या हद्दी. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. एकानं दुसऱ्याचं भाषण ऐकलं असतं तर मात्र तो चमकला असता.

प्राध्यापकांनी तासभर सांगितलं, की माणसानं कुंपणं तोडावीत, समुद्र ओलांडावेत, विचारांच्या भिंती पाडाव्यात. टाळ्या पडल्या. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, आपल्या मुलींनी मात्र मर्यादा सांभाळायला हव्यात, काळ कठीण आहे. मौलाना घुमवून बोलत नाहीत, त्यांनी सुरुवातच मुलींपासून केली. नाव दोघांनीही घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. गावातल्या प्रत्येक मोबाईलवर तेव्हा एकच फोटो फिरत होता, माझ्या भाचीच्या लग्नाच्या नोटिसीचा.

भाची सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. मुलगा हिंदू, तिच्याच ऑफिसातला. दोघांनी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली. या कायद्यानं ती नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात तीस दिवस दिसेल अशी लावावी लागते; तीत दोघांची नावं, वयं, व्यवसाय, पत्ते असतात. कुणीतरी फोटो काढला आणि आमच्या गावापर्यंत तो यायला दोन दिवसही लागले नाहीत. माझ्या घरी माणसं आली. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं : “भाचीनं हद्द ओलांडली, तुम्ही मामू आहात, समजवा.”

या एका शब्दासाठी हा लेख लिहितोय. हद्द. हा अरबी शब्द मराठीनं इतका आपला केला आहे की ‘हद्द झाली’ म्हणताना तो कुठून आला हे कुणाच्या मनातही येत नाही. मराठीचा स्वतःचा शब्द शीव. मुंबईत ज्या स्टेशनला इंग्रजीत सायन म्हणतात, ते मुंबई बेटाची शीव म्हणून शीव. दसऱ्याचं सीमोल्लंघन आमच्या भागात शिलंगण. लहानपणी मी दर वर्षी शिलंगणाला गेलो आहे. आमच्या घरात मुलाणकी. दसऱ्याच्या बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान आजोबांचा. पालखीमागून आम्ही पोरं हलगीच्या तालावर शिवेपर्यंत जायचो, आपट्याची पानं लुटायचो आणि अंधार पडता पडता परत. परतणाऱ्यांना ओवाळायला दारादारांत बाया ताटं घेऊन उभ्या असायच्या. माझी दादीसुद्धा आमच्या दारात उभी असायची, ताट नसायचं पण डोक्यावर पदर आणि हातात गूळ-पाण्याचा तांब्या. एकही बाई शिवेवर आलेली मला आठवत नाही. तेव्हा ते खटकलं नव्हतं. शिलंगण म्हणजे पुरुषांनी जायचं आणि बायकांनी उंबऱ्यात वाट बघायची, हे पोळीसोबत गुळवणी असावी इतकं साहजिक वाटायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळत नव्हती. शिवेचा दगड नेमका कुठे आहे हे गावात सगळ्यांत चांगलं ठाऊक असायचं ते महारांना. जुन्या गावगाड्यात दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानली जायची. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याचं घर मात्र वेशीबाहेर.

म्हणून सीमोल्लंघन हा शब्द मला कधी नुसता मंगल वाटला नाही. शीव ओलांडणं चांगलं की वाईट, हे ओलांडणाऱ्याच्या पायांवरून ठरत नाही. ती शीव कुणी आखली आणि कुणाला अडवायला आखली, हे आधी बघावं लागतं. आपण नेमकं तेच बघत नाही. बळवान ओलांडतो तेव्हा त्याला पराक्रम म्हणतो आणि दुबळा ओलांडतो तेव्हा आगळीक.

महाडचंच घ्या. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. कागदावर हद्द पुसली गेली होती. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं, आणि ओंजळभर पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांना मार खावा लागला. त्या दिवशी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थानं आपली जागा दिली. आमचे लोक हे अभिमानानं सांगतात, मीही सांगतो. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात संपायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं, एक ओंजळ पाण्यासाठी! आणि वादी कोण होते? ज्यांची हद्द ओलांडली गेली असं ज्यांना वाटत होतं ते.

आता दुसऱ्या प्रकारचं सीमोल्लंघन. दसऱ्याला फौजा मुलुखगिरीला निघत हे आपल्याला शाळेत शिकवतात, आणि पोरांची छाती फुगते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहा वर्षं बंगालवर जात राहिल्या. कलकत्त्याच्या लोकांनी त्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच ‘मराठा खंदक’ पडलं. आपला बारगीर हा शब्द तिकडे ‘बर्गी’ होऊन पोरांना निजवायच्या अंगाईत भीतीचा शब्द म्हणून जाऊन बसला. इथलं सीमोल्लंघन तिथला बागुलबुवा. हे लिहिलं की काही जण मला माझा धर्म आठवून देतील, म्हणून तेही लिहून टाकतो : अलाउद्दीन खिलजी १२९६ साली देवगिरीवर आला तोही शीव ओलांडूनच आला होता आणि लुटायलाच आला होता. त्याचा अभिमान बाळगणारी चार टाळकी आमच्यातही आहेत. लुटारूचा धर्म बघून टाळ्या वाजवायच्या की छाती बडवायची हे ठरवणारे दोन्ही बाजूंचे लोक एकाच गल्लीतले आहेत.

आणि ही गल्ली आजही गजबजलेली आहे. भाचीची नोटीस फिरली तेव्हा माझ्या समाजातले लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, हे सांगितलंच. नवऱ्या मुलाच्या मित्रांकडे काय झालं, हे भाचीनं नंतर सांगितलं. एरवी ‘लव्ह जिहाद’च्या नावानं मोर्चात पुढे असणाऱ्या दोघा-तिघांनी त्याला पाठीवर थाप मारली. “गड जिंकलास,” म्हणाले. मुलगा चिडला, त्यांच्याशी बोलणं तोडलं, तो भाग वेगळा. पण शब्द बघा, गड. आमच्याकडे वीसेक वर्षांपूर्वी एका घरात हिंदू सून आली तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले होते. मी खाल्ले होते. पोरीला कुणी विचारलं नव्हतं की तू का आलीस, तुझं काय सुटलं. सगळ्यांचा हिशेब एकच, एक वाढली. मुलगी आली तर मुलूख वाढला आणि गेली तर मुलूख गेला. माणूस म्हणून ती स्वतःच्या पायांनी कुठून कुठे गेली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

ही वही फक्त मोहल्ल्यांत असते असं समजू नका, सरकारही ती ठेवतं. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भारतात १९४९ साली कायदा झाला. हेतू चांगलाच होता, हजारो बायकांवर अत्याचार झाले होते आणि त्यांची सुटका व्हायलाच हवी होती. पण त्या कायद्यातली ‘अपहृत’ची व्याख्या वाचून मी थबकलो. १ मार्च १९४७ नंतर आपल्या कुटुंबापासून तुटलेली आणि बिगरमुस्लिमाच्या घरी आढळलेली मुसलमान व्यक्ती, जर ती सोळा वर्षांखालचा मुलगा असेल किंवा कोणत्याही वयाची स्त्री असेल, तर ती अपहृत. कोणत्याही वयाची! सतरा वर्षांचा पोरगा स्वतःचं कुठं राहायचं ते ठरवू शकतो, चाळीस वर्षांची बाई नाही. तिनं म्हटलं, मी आता इथंच राहते, माझी लेकरं इथली आहेत, तरी निर्णय लवादाचा. पाकिस्तानशी करार होता, तिकडे हिंदू आणि शीख बायकांच्या बाबतीत हेच. दोन देश एकमेकांशी एकाही गोष्टीवर एकमत होत नव्हते तेव्हा या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, की बाई ज्या धर्माची त्या देशाची. रॅडक्लिफनं पाच आठवड्यांत नकाशावर रेघ ओढली असं आपण म्हणतो. ती रेघ या बायकांच्या अंगावरून गेली, त्यांना न विचारता.

आज इतकं उघड कुणी करत नाही. आपल्या राज्यात आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला सरकार पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देतं, चांगली योजना आहे. आणि डिसेंबर २०२२ मध्ये याच सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेणारी समिती नेमली. आधीच्या आदेशात आंतरजातीय लग्नंही होती. ओरड झाल्यावर ती दोन दिवसांत वगळली, आंतरधर्मीय तेवढी ठेवली. म्हणजे एक शीव ओलांडली की बक्षीस आणि दुसरी ओलांडली की चौकशी. समितीचं काम मुलींच्या संरक्षणाचं आहे असं सांगितलं गेलं. संरक्षणाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की लक्ष्मणरेषाही संरक्षणासाठीच होती. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, नंतरची भर आहे. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ती पक्की आहे, मराठी शाळेत शिकलो म्हणून माझ्याही. त्या गोष्टीत वेश पालटून दाराशी आला रावण. उचलून नेलं रावणानं. आणि आपण म्हण काय केली? ‘बाईनं लक्ष्मणरेषा ओलांडू नये.’ रावणानं काय ओलांडलं यासाठी भाषेनं वेगळा शब्द ठेवलाच नाही.

इथवर वाचून मौलानांच्या बाजूचे वाचक खूश असतील, कारण बराच मार इतरांना पडला. आता आपल्या घराकडे येतो.

मौलाना त्या दिवशी ‘हुदूदुल्लाह’वर बोलले. बहुतेकांना हुदूद म्हटलं की हात तोडणं, फटके असं काही आठवतं. तो अर्थ पुढे फिकहच्या ग्रंथांत पक्का झाला. कुराणात हा शब्द त्या शिक्षांसाठी येत नाही. मग कशासाठी येतो? बयान ऐकून घरी आल्यावर मी त्या आयती काढून बसलो. मी आलिम नाही, अरबी शब्दाला शब्द लावत वाचणारा माणूस आहे, पण एवढं कुणालाही दिसेल. दुसऱ्या सूरेत रोज्यांच्या नियमांसोबत हा शब्द येतो. त्याच सूरेत पुढे तलाकच्या संदर्भात लागोपाठ येतो : बायकोला ठेवायचं तर भलेपणानं ठेवा, सोडायचं तर भलेपणानं सोडा, दिलेलं परत मागू नका, या अल्लाहच्या हद्दी आहेत. अठ्ठावन्नाव्या सूरेत येतो तो बायकोला ‘तू मला आईसारखी’ म्हणून लटकत ठेवणाऱ्या नवऱ्याबद्दल. पासष्टाव्या सूरेत येतो तेव्हा सांगितलं जातं, की तलाक दिलात तरी इद्दत संपेपर्यंत त्यांना घराबाहेर काढू नका. त्यांनीही निघून जाऊ नये असं तिथं आहे, उघड दुर्वर्तनाचा अपवादही आहे, ते मी लपवत नाही. पण हुकूम कुणाला आहे? घर ज्याच्या ताब्यात आहे त्याला.

आणि चौथी सूरा. तिथं वारशाचे हिस्से एकेक करून मोजून दिले आहेत, मुलीचा, आईचा, बायकोचा, बहिणीचा. आणि ते मोजून झाल्यावर लगेच म्हटलं आहे की या अल्लाहच्या हद्दी आहेत, आणि जो त्या ओलांडेल त्याच्यासाठी आग आहे. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, यावर माझं वेगळं म्हणणं आहे, ते पुन्हा कधी. आज मुद्दा हा, की जो निम्मा सांगितला आहे तो तरी कुठे जातो?

तो हक्कसोडपत्रात जातो. गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. बाप गेला की तलाठी वारस नोंद करतो, सातबाऱ्यावर भावांसोबत बहिणींची नावं चढतात. मग भाऊ बहिणीला गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो, ती सही किंवा अंगठा करते, भाऊ तिला साडी घेतो, हॉटेलात जेवू घालतो आणि एसटीत बसवून देतो. मोबदला लिहिलेला नसतो. कागदावर लिहितात, ‘राजीखुशीनं.’ माहेर तुटू नये या भीतीला कायद्याच्या भाषेत राजीखुशी म्हणतात. हिंदू बहिणींचंही हेच होतं. कायद्यानं त्यांना १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, आणि निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावरची गर्दी वाढली.

आमच्या समाजात शरियतच्या नावानं केवढे मोर्चे निघाले ते मी पाहिलं आहे. शाहबानोच्या निकालानंतर १९८५-८६ मध्ये मी कॉलेजात होतो, मुंबई-पुण्याकडे गाड्या भरभरून जात होत्या. १९३७च्या शरियत कायद्यात शेतजमीन मुळातच वगळलेली आहे. म्हणजे खेड्यातल्या मुसलमानाकडे वारशात देण्यासारखं जे एकमेव असतं तेच बाहेर. त्याविरुद्ध निघालेला एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही. आणि त्याच्याही वीस वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाईंसोबत सात मुसलमान बायका मुंबईत विधान भवनावर चालत गेल्या होत्या, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. सातच. त्यांनी हद्द ओलांडली असं सगळा समाज म्हणाला. कुराणातल्या हद्दी ज्यांनी ओलांडल्या त्या नवऱ्यांवर कुणी बोललं नाही, आणि त्या हद्दी पाळा म्हणणाऱ्या बाया मात्र बेहद्द ठरल्या. दलवाईंची सगळी मतं मला पटतात असं नाही. त्या सात जणींबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

आता मी. माझे अब्बा १९९८ साली गेले, अम्मी आधीच गेली होती. सहा एकर जमीन, वारस दोघं, मी आणि माझी थोरली बहीण, आपा. शरियतनं तिचे दोन एकर होत होते. मी शिक्षक, चार पुस्तकं वाचलेला, सभांमधून समतेवर बोलणारा. २००१ साली आपानं हक्कसोडपत्रावर सही केली. मी मागितलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ती म्हणाली होती, “तूच रख रे, मेरेकू क्या करनेका.” मी एकदाही म्हटलं नाही, की नको आपा, तुझं तुझ्याजवळ राहू दे. मी तिला साडी घेतली, हिरवी.

ही आपा म्हणजे भाचीची आई.

लग्नाच्या दिवशी मी साक्षीदार म्हणून गेलो. तीन साक्षीदार लागतात. एक मी, दोन त्यांचे मित्र. नातेवाइकांतला मी एकटा. खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल बरंच बरं वाटत होतं. मोहल्ल्याचा राग पत्करून आलो होतो. सह्या झाल्यावर आम्ही बाहेर चहा प्यायला बसलो तेव्हा भाची म्हणाली, “मामू, तुम्ही सही करायला आलात, बरं वाटलं.” मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, “अम्मीनं पण एकदा तुमच्यासाठी सही केली होती ना?”

तिला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. आपानं नक्कीच नाही. आजकाल सातबारा मोबाईलवर दिसतो.

तर माझ्या घरी आलेल्या मंडळींना माझं उत्तर असं आहे. तुम्ही म्हणता भाचीनं हद्द ओलांडली. ही मुलगी कुणाच्या घरात घुसली नाही, कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला फसवलं नाही. तीस दिवस स्वतःचं नाव-पत्ता भिंतीवर लावून, सगळ्या जगाला हरकत घ्यायला मोकळीक देऊन, तिनं लग्न केलं. तिचं लग्न शरियतमध्ये बसत नाही असं मौलाना म्हणतील. तो त्यांचा आणि तिचा प्रश्न, आणि त्याचा जाब ती तिच्या अल्लाहला देईल. पण चौथ्या सूरेतली हद्द ओलांडणारा तिचा मामू तुमच्यासोबत पंचवीस वर्षं पहिल्या सफीत नमाज पढतोय. त्याला समजवायला कुणी आलं नाही. त्या सफीतल्या किती जणांनी बहिणींच्या सह्या घेतल्या आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. ओलांडलेली हद्द हद्दच नव्हती असं आपण धरून चालतो, कारण ती पुरुषानं ओलांडली.

कुणी विचारेल, मग काय मर्यादाच नकोत? माझं म्हणणं उलट आहे. हद्दी हव्यात आणि कडक हव्यात, पण ज्याच्या हातात काही आहे त्याच्याभोवती हव्यात. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला, तलाक ज्याच्या जिभेवर आहे त्याला, दंडुका ज्याच्या हातात आहे त्याला, बुलडोझरची चावी ज्याच्या खिशात आहे त्याला. पोलिसांनी माणसाला ‘तडीपार’ करावं तर आधी नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं, ही हद्दच आहे, आणि ती पोलिसांवर घातलेली आहे. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि सोळा जण मालगाडीखाली गेले. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता. तो मिळेना म्हणून ते रुळांनी निघाले होते. परदेशांत अडकलेल्यांना आणणारी विमानं आदल्याच दिवशी सुरू झाली होती. ती आणायलाच हवी होती, पण त्याच आठवड्यात घरी चालत निघालेल्या माणसाला मात्र आपण ‘नियम मोडणारा’ म्हणत होतो. आमचं हिजरी साल जिथून सुरू होतं ती घटनाही अशीच आहे. पैगंबरांचा जन्म किंवा मक्केवरचा विजय यांपासून ते मोजलं गेलं नाही. छळ सोसवेना म्हणून आपलं गाव सोडून निघालेल्या माणसांच्या वाटचालीपासून ते मोजतात. मौलानांनी हे बयानात कितीदा तरी सांगितलं आहे. फक्त त्याचा अर्थ मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीला लागू होतो असं त्यांना वाटत नाही.

प्राध्यापकसाहेबांना मी भेटलो. सज्जन माणूस. त्यांच्या घरचा सातबारा मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. त्यांना विचारलं, की शिलंगणाला बायका शिवेवर का येत नव्हत्या? ते म्हणाले, “तशी पद्धत होती.” मी म्हटलं, तासभर तुम्ही पद्धती मोडा म्हणूनच सांगत होतात. ते हसले. पुढच्या वर्षी व्याख्यानमालेत मला बोलवायचं म्हणतायत.

दस्तलेखकाकडे जाऊन आलो. हक्कसोडीला फारसा खर्च आला नव्हता. दोन एकर आपाच्या नावावर बक्षीसपत्रानं परत करायचे तर मुद्रांक शुल्क कितीतरी जास्त बसतं, असं त्यानं सांगितलं. मसुदा तयार आहे. माझा मुलगा म्हणतो, आधी मला विचारायला हवं होतं. आपा म्हणते, कशाला गावात बोभाटा करतोस. जावईबापू गप्प आहेत. मी मौलानांना विचारलं, चौथ्या सूरेतल्या हिश्श्यांवर जुम्म्याचं बयान कधी करता? ते जरा थांबले, मिंबरकडे बघितलं, आणि म्हणाले, रमजाननंतर पाहू.